फिनिक्सची कोरडी धरणं: केव्ह ब्युट्स, अडोबी, मॅकमिकन आणि त्यांच्या खाली राहणारे आपण

उत्तर_फिनिक्सकर

इथे फिनिक्स एरियात घर घेणाऱ्यांचे धागे नेहमी येतात, शाळा कुठली चांगली, एचओएची (कॉलनीच्या सोसायटीची) फी किती, एसीचं बिल किती येतं, पण घराच्या वरच्या अंगाला धरण आहे का हे अजून कुणी विचारलेलं मी पाहिलेलं नाही. म्हणून हा धागा काढतोय. लांब होणार आहे, सवडीने वाचा.

आधी मूळ गोष्ट. फिनिक्सला वर्षाचा पाऊस सात-आठ इंच, म्हणजे २०० मिलिमीटरच्याही आतच. कोकणात आषाढात एका दिवसात पडतो तेवढा. मग पूर कसला येणार असं वाटतं, आणि तिथेच माणूस फसतो. इथली जमीन पाणी पीत नाही. वर थोडी माती नि खडी, खाली कॅलिची म्हणतात तो चुनखडीचा घट्ट थर, डोंगरावर झाडोरा विरळ. तासाभरात दोन इंच पाऊस झाला की तो तसाच्या तसा उतारावरून धावत सुटतो. वर्षभर कोरडे पडलेले ओढे, ज्यांना इथे वॉश म्हणतात, ते अर्ध्या तासात छातीभर वाहायला लागतात. शहरात ऊन असतं आणि पाऊस तीस मैल वर डोंगरात झालेला असतो, त्यामुळे खालच्या माणसाला काही कळतच नाही.

ऑगस्ट १९२१ मध्ये केव्ह क्रीकला असाच लोंढा आला. हा ओढा उत्तरेच्या डोंगरातून निघून शहराकडे येतो. वाटेत ॲरिझोना कॅनॉल पूर्व-पश्चिम आडवा पसरलाय, १८८० च्या दशकातला, शेतीसाठी खणलेला. पाणी त्याच्या काठाला येऊन तुंबलं, काठ फुटला, आणि शेतं बुडवत लोंढा थेट राज्याच्या कॅपिटॉल इमारतीत घुसला. जिथे कायदे करतात तिथेच पाणी शिरल्यावर मग हालचाल झाली. शहर, काउंटी, राज्य सरकार, शेतकऱ्यांचा पाणीवापर संघ आणि रेल्वे कंपनी, सगळ्यांनी मिळून पैसे घातले आणि १९२३ पर्यंत केव्ह क्रीक धरण उभं राहिलं. डिझाइन जॉन ईस्टवूड या इंजिनिअरचं. एकाशेजारी एक काँक्रीटच्या पातळ कमानी आणि त्यांना मागून टेकू, यात काँक्रीट कमी लागतं म्हणून खर्च कमी. ईस्टवूड पुढच्याच वर्षी, १९२४ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या किंग्ज नदीत बुडून गेला. धरण मात्र आजही उभं आहे.

शहर वाढत गेलं तसं ते धरण अपुरं ठरलं. १९६५ च्या फ्लड कंट्रोल ॲक्टखाली आर्मी कोअरला, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअरिंग खात्याला, मोठी योजना मंजूर झाली आणि चार धरणं झाली. ड्रीमी ड्रॉ १९७३, मग केव्ह ब्युट्स १९८० च्या सुमारास, अडोबी १९८२ आणि न्यू रिव्हर १९८५. शिवाय ॲरिझोना कॅनॉलच्या वरच्या बाजूने एक मोठी चर खणली, साधारण सतरा मैलांची, म्हणजे उत्तरेकडून आलेलं पाणी कॅनॉलला धडकायच्या आत पश्चिमेला वळवून स्कंक क्रीकमध्ये आणि तिथून पुढे न्यू रिव्हर, आग्वा फ्रिया असं काढून द्यायचं. ती पूर्ण व्हायला ९० चं दशक उजाडलं.

केव्ह ब्युट्स हे मातीचं धरण, शंभर फुटांच्या वर उंच, जुन्या केव्ह क्रीक धरणाच्या थोडं खालच्या अंगाला. म्हणजे जुनं धरण आता नव्या धरणाच्या पोटात उभं आहे. पाणलोट १९० चौरस मैलांच्या आसपास, आणि पोटात ४६ हजार एकर-फुटांच्या वर पाणी मावतं. आपल्या भाषेत सांगायचं तर दोन टीएमसीच्या जवळपास, म्हणजे जवळजवळ एक खडकवासला. आणि हे सगळं कायम रिकामं असतं.

मला नेमकं हेच सांगायचंय. ते रिकामं आहे म्हणून निकामी नाही, रिकामं राहणं हेच त्याचं काम आहे. याला दरवाजे नाहीत, कुणी बटण दाबायला बसलेलं नसतं. तळाशी एक आउटलेट आहे, तो सतत उघडाच. एरवी येणारं थोडंफार पाणी त्यातून सरळ निघून जातं. लोंढा आला की जेवढं येतं तेवढं बाहेर पडू शकत नाही, आउटलेटचा आकारच मुद्दाम लहान ठेवलाय, मग पाणी मागे चढतं आणि पुढचे काही दिवस हळूहळू खाली सुटत राहतं. मोरीत बादली उपडी केली तर भोकातून पाणी त्याच्याच गतीने जातं ना, तसं. पूर थांबवलेला नसतो, त्याचा माथा कापलेला असतो. खालच्या वस्तीला एका तासात आलं असतं ते पाणी आठवडाभरात येतं.

आता खालची परिस्थिती बघा. ही धरणं झाली तेव्हा खाली शेतं नि मोकळं रान होतं, आता तिथे गल्ल्याच गल्ल्या, शाळा, दवाखाने, ऑफिसं. उत्तर फिनिक्समधल्या डीअर व्हॅलीत कामाला जाणारे आपल्यातले कितीतरी असतील. धरण आहे म्हणून वस्ती झाली, आणि वस्ती झाल्यामुळे धरण फुटलं तर होणारं नुकसान कित्येक पट वाढलं. हे इथल्या किती लोकांना माहीत आहे?

---

हिशोबी

माहिती चांगली आहे पण मला एक पटत नाही. वाळवंटातलं शहर, कोलोरॅडो नदीवरून कालव्याने पाणी आणतात, त्या नदीवरचा लेक मीड जलाशय खाली गेला म्हणून दर वर्षी बोंब, आणि इथे दोन टीएमसीचं भांडं रिकामं ठेवून आलेला प्रत्येक थेंब सोडून द्यायचा? आपल्याकडे दुष्काळी तालुक्यात असं धरण रिकामं ठेवलं तर लोक मोर्चा काढतील. निदान अर्धं भरून ठेवा, अर्धं पुरासाठी ठेवा. एवढी जागा आणि एवढा पैसा दहा वर्षांतून एकदा लागणाऱ्या गोष्टीसाठी अडकवून ठेवणं हा मला शुद्ध अपव्यय वाटतो.

---

उत्तर_फिनिक्सकर

@हिशोबी, प्रश्न रास्त आहे, इथले लोकही विचारतात. उत्तर तीन पदरी आहे.

एक, भरवशाचं पाणीच येत नाही. एखाद्या वर्षी ओढा जवळजवळ वाहतच नाही आणि एखाद्या वर्षी एका दुपारी सगळं येतं. त्यावर कुठल्या शहराचं पाणी-नियोजन करणार? दोन, जे येईल ते उन्हात जातं. इथे उघड्या पाण्याच्या पृष्ठभागावरून वर्षाला सहा फुटांच्या आसपास वाफ होते. पसरट, उथळ तलावात साठवलं तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चिखल उरेल. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, हे धरण कायम पाणी पोटात घेऊन बसण्यासाठी बांधलेलंच नाही. थोडे दिवस भरायचं आणि रिकामं व्हायचं या हिशोबानेच भराव केलाय. महिनोन्महिने भरून ठेवायचं तर पाझराचा सगळा विचार वेगळा करावा लागतो.

आणि पाणी वाया जातं म्हणणंही पूर्ण खरं नाही. हळू सोडलेलं पाणी ओढ्याच्या वाळूतून खाली मुरतं. धो धो वाहून गेलं असतं तर मुरलं नसतं.

साठवणीची धरणं फिनिक्सला आहेतच की. सॉल्ट नदीवर वरती रूझवेल्ट धरण, १९११ चं, आणि त्याच्याखाली आणखी. तिथला इतिहास तुमच्या 'अर्धं-अर्धं'च्या मुद्द्यावर थेट आहे. ती धरणं पाण्यासाठी बांधलेली, भरलेली ठेवण्यातच त्यांचा फायदा. १९७८ ते ८० या काळात लागोपाठ हिवाळ्यांत वरती जोरदार पाऊस झाला, धरणं भरलेली, सोडण्याशिवाय इलाज नाही, आणि फेब्रुवारी १९८० मध्ये सॉल्ट नदीने शहराचे दोन तुकडे केले. नदी ओलांडायला मिल ॲव्हेन्यू आणि सेंट्रल ॲव्हेन्यू हे दोनच पूल उरले होते. त्यानंतर रूझवेल्ट धरण ७७ फुटांनी उंच केलं, १९९६ ला काम संपलं, आणि त्या वाढीव उंचीतला एक भाग फक्त पुरासाठी राखून ठेवला. म्हणजे तुम्ही म्हणता तसं दोन्ही एकत्र करता येतं, पण त्यासाठी पुराची जागा वेगळी बांधावी लागली, आहे त्यातली उसनी घेऊन चाललं नाही.

---

निवृत्त_पाटबंधारे

फार दिवसांनी इथे असा धागा वाचला. माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, बरीचशी गोदावरी खोऱ्यात, म्हणून दोन शब्द लिहितो.

हिशोबी साहेब, तुमचं म्हणणं आमच्याकडे प्रत्येक सप्टेंबरला टेबलावर असायचं. आमचं टार्गेट काय, तर १५ ऑक्टोबरला धरण शंभर टक्के भरलेलं पाहिजे. शेतकऱ्याला रब्बी पाहिजे, शहराला पाणी पाहिजे, कारखान्याला पाहिजे. आणि त्याच वेळी सप्टेंबरच्या शेवटी एखादा जोरदार पाऊस झाला की खालचे गाववाले विचारणार, आधी का नाही सोडलं. आधी सोडलं आणि पाऊस आलाच नाही तर वरचे विचारणार, का सोडलं. रात्री दोन वाजता फोनवर विसर्ग किती क्युसेक करायचा हा निर्णय ज्याने घेतलाय त्याला या बिनदरवाजाच्या धरणाची किंमत विचारा! माणसाने अंदाज करायचा, आणि अंदाज चुकायचा, हा भागच काढून टाकलाय. त्या धरणाला एकच धनी आहे, पूर. दोन धनी असले की भांडण आलं.

बाकी मातीच्या धरणाबद्दल एक तांत्रिक भर घालतो. भरलेल्या धरणाचा भराव ओला राहतो, त्याचं वागणं आम्हाला पाहणीत रोज दिसतं, पाझर वाढला तर लगेच कळतं, गढूळ आला तर धावपळ सुरू. वर्षानुवर्षं कोरडं राहणाऱ्या भरावाचं तसं नाही. तो वाळतो, आक्रसतो, त्याला आडव्या भेगा जातात, म्हणजे वरच्या बाजूकडून खालच्या बाजूकडे आरपार जाणाऱ्या. बाहेरून काही दिसत नाही. आणि मग जेव्हा पाणी येतं ते आयुष्यात पहिल्यांदाच येतं आणि पूर्ण उंचीचं येतं. भेगेतून शिरलं की माती धुवायला सुरुवात. तिकडे यावर काय करतात हे ऐकायला आवडेल.

---

उत्तर_फिनिक्सकर

काका, तुम्ही नेमकं दुखणं पकडलंत. इथल्या जुन्या भरावांना अगदी ह्याच भेगा आहेत. १९५० आणि ६० च्या दशकात शेती वाचवायला बांधलेली कमी उंचीची लांबच लांब मातीची धरणं आहेत, त्यातल्या काहींमध्ये नंतर भरावाच्या मधोमध उभी चर खणून त्यात वाळू-खडीचा फिल्टर भरलाय. म्हणजे भेगेतून पाणी आलं तरी फिल्टरपाशी माती अडकते, पाणी निथळून जातं, भगदाड वाढत नाही.

पण इथे त्याहून वाईट एक प्रकार आहे, तो म्हणजे जमीनच फाटते. शेतीसाठी आणि शहरांसाठी इतकी वर्षं भूजल उपसलं की खोऱ्याच्या काही भागात जमीन काही फुटांनी खचली. सगळीकडे सारखी खचत नाही. जिथे खाली खडक जवळ आहे तिथे कमी, जिथे गाळ खोल आहे तिथे जास्त, आणि दोन्हीच्या सीमेवर जमिनीला लांब भेग जाते. पाऊस पडला की पाणी त्या भेगेत शिरून ती ओढ्यासारखी रुंद करतं. आणि अशी भेग धरणाच्या पायाखालून गेली तर? मॅकमिकन धरणाच्या दक्षिण टोकाजवळ अशा भेगा सापडल्या होत्या, मग तिथला तुकडा सोडून देऊन नवा भराव वेगळ्या रेषेत बांधावा लागला.

---

सरप्राइज_मधला

थांबा थांबा, मॅकमिकन म्हणजे व्हाइट टँक डोंगराच्या बाजूचं का? आम्ही फिनिक्सजवळच्या सरप्राइज गावात राहतो, आमच्या पश्चिमेला तो लांबच्या लांब मातीचा बांध दिसतो, मला तो रेल्वेचा किंवा कालव्याचा भराव वाटायचा. घर घेताना एजंटने चकार शब्द काढला नव्हता. हे धरण आहे? त्याच्या मागे तर काहीच नाही, नुसती झुडपं.

---

उत्तर_फिनिक्सकर

हो, तेच. धरण म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर दोन डोंगर, मध्ये भिंत आणि मागे तलाव येतो, म्हणून ते ओळखू येत नाही. मॅकमिकन नऊ-दहा मैल लांब आहे आणि उंची पस्तीस फुटांच्याही आतच. डोंगर एका बाजूला, दुसऱ्या बाजूला सपाट उतार, पाणी कुठल्या एका ओढ्याने येत नाही, पंख्यासारखं पसरत कुठूनही येतं, म्हणून मैलोन्‌मैल आडवा बांध घालून ते अडवायचं आणि टोकाला नेऊन सोडायचं.

५० च्या दशकाच्या मध्याला आर्मी कोअरने ते बांधलं, कारण त्याच्या आधी पुरात ल्यूक हवाई तळ आणि आजूबाजूची शेती बुडाली होती. म्हणजे मूळ हेतू काय, तर धावपट्टी आणि कापसाची शेतं वाचवायची. त्या दर्जाच्या कामासाठी जेवढी सुरक्षितता लागते तेवढी धरून ते डिझाइन केलेलं. आज त्याच्या खाली तुमचं घर आहे. धरण तेच राहिलं, पण त्याच्याकडून अपेक्षा वाढली. म्हणून त्यावर इतकं काम चाललेलं असतं.

घाबरून जाऊ नका मात्र. भेगा सापडल्या त्या शोधत होते म्हणूनच सापडल्या. मॅरिकोपा काउंटीचा फ्लड कंट्रोल डिस्ट्रिक्ट १९५९ पासून आहे, कामच तेवढं, आणि ही सगळी धरणं तेच सांभाळतात. ज्या धरणाची तपासणी होते त्याच्या बातम्या येतात, ज्याची होत नाही त्याची एकदाच येते.

---

जेद्दाहून

मी वाचनमात्र असतो, पण आज लिहितो. आम्ही जेद्दाला राहतो. २५ नोव्हेंबर २००९ ला हजच्या तोंडावर इथे काही तासांत एवढा पाऊस झाला की शंभराहून जास्त माणसं गेली, सरकारी आकडाच १२० च्या वर होता. शहराच्या पूर्वेला डोंगर, पश्चिमेला समुद्र, आणि डोंगरातून समुद्राकडे येणाऱ्या कोरड्या वाद्यांच्या, म्हणजे तुमच्या वॉशसारख्या ओढ्यांच्या, पात्रातच लोकांनी घरं बांधलेली. कुवैझा भागात गाड्या एकमेकांवर चढून पडल्या होत्या. पाणी येण्याची वाट कुणाला माहीतच नव्हती, कारण ती वर्षानुवर्षं कोरडी.

जानेवारी २०११ ला पुन्हा तेच. आणि तेव्हा उम्म अल-खैर भागातला मातीचा बांध फुटला. बांध आहे म्हणून लोक निर्धास्त, आणि तोच फुटून पाणी अंगावर. त्यानंतर मात्र पूर्वेच्या वाद्यांवर नीट धरणं आणि तिथून समुद्रापर्यंत मोठे चॅनेल झाले. धरण आणि पुढची वाट दोन्ही पाहिजे. नुसतं धरण बांधून खाली पाण्याला रस्ता ठेवला नाही तर काही उपयोग नाही, हे इथे फार महागात शिकले.

निवृत्त काकांनी लिहिलेलं कोरड्या भरावाचं वाचून अंगावर काटा आला.

---

निवृत्त_पाटबंधारे

जेद्दाचं वाचून वाईट वाटलं. मातीचं धरण फुटणं म्हणजे काय हे आमच्या पिढीला सांगावं लागत नाही, १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा मी शाळेत होतो. आम्ही खात्यात लागलो तेव्हा वरिष्ठ मंडळी पहिल्या दिवशी तेच सांगायची. मातीच्या धरणाच्या माथ्यावरून पाणी जाता कामा नये. काँक्रीट किंवा दगडी धरणावरून थोडं गेलं तर एक वेळ टिकेल, मातीचं टिकत नाही. त्यासाठी सांडवा पाहिजे आणि तो मोठा पाहिजे आणि तो मोकळा पाहिजे. सांडव्याच्या तोंडाशी झोपड्या, टपऱ्या, भराव, काहीही चालणार नाही.

---

चँडलरवासी

मी घाबरत घाबरत विचारतेय, आम्ही चँडलरला आहोत, आमच्याकडे धरण वगैरे काही नाही ना? आमच्या कॉलनीच्या मध्ये मोठं हिरवं मैदान आहे, जरा खड्ड्यात आहे, तिथे मुलं क्रिकेट खेळतात, गणपतीत आम्ही तिथेच लेझीम केलं. मागच्या पावसाळ्यात एका रात्री ते सगळं तळं झालं, गुडघ्याच्या वर पाणी, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत गायब. एचओएच्या मीटिंगमध्ये काही जणांनी मागणी केलीय की मैदानात भर घालून सपाट करा, पाणी साचतं, डास होतात, आणि एका बाजूला पिकलबॉल कोर्ट बांधा. मीसुद्धा सही करणार होते.

---

उत्तर_फिनिक्सकर

ताई, सही करू नका! तुमचं ते मैदान म्हणजे छोटं धरणच आहे.

इथे नवीन कॉलनी बांधताना नियम असतो की तुमच्या जागेवर पडलेलं पाणी तुम्हीच अडवायचं, शेजारच्याच्या अंगणात ढकलायचं नाही. साधारणपणे शंभर वर्षांतून एकदा येईल असा दोन तासांचा पाऊस धरतात आणि तेवढं पाणी मावेल एवढा खड्डा बिल्डरला सोडावा लागतो. आणि ३६ तासांत तो रिकामा झाला पाहिजे, हीसुद्धा अट आहे, डासांच्याच कारणासाठी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाणी गायब झालं म्हणता, म्हणजे खड्डा उत्तम काम करतोय. त्यात भर घातली तर ते गुडघाभर पाणी रस्त्यावर आणि मग सगळ्यात सखल घराच्या गॅरेजमध्ये येईल.

उलट एचओएला सांगा की खड्ड्यात ड्रायवेल असेल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेली शोषविहीर, ती वर्षातून एकदा तपासून गाळ काढा. गवताचं कटिंग त्यात जाऊन बसतं आणि ती तुंबते. तीन दिवस पाणी राहायला लागलं तर तक्रार त्याची करा, खड्ड्याची नाही.

मैदान म्हणून वापरायला काहीच हरकत नाही, तेच तर खरं शहाणपण आहे. स्कॉट्सडेलला इंडियन बेंड वॉश आहे. तिथे आधी काँक्रीटचा मोठा चॅनेल काढायचा प्रस्ताव होता, शहराच्या मधून सरळ गटारासारखा. लोकांनी तो नाकारला आणि त्याऐवजी अकरा मैलांचा हिरवा पट्टा केला, बागा, तळी, सायकल ट्रॅक, मैदानं. १९७२ च्या जूनमध्ये मोठा पूर येऊन गेल्यावर तर त्या कामाला जोरच आला. पूर आला की बाग बुडते, ओसरला की झाडून काढतात, घरं कोरडी राहतात.

आणि अडोबी धरणाच्या पोटात तर काय काय आहे, गोल्फ कोर्स, रिमोटच्या विमानांची धावपट्टी, लहान आगगाड्यांचा ट्रॅक, वॉटर पार्कसुद्धा. म्हणजे कोरड्या जलाशयाच्या पोटात वॉटर पार्क! हे सगळं बुडू शकतं हे धरूनच परवानगी दिलेली. बुडून चालेल अशा गोष्टी तिथे जरूर ठेवा. रात्री माणसं झोपतात अशी एकही इमारत नको, आणि पाण्याची जागा खाईल असा भराव नको. मला सगळ्यात जास्त भीती याच गोष्टीची वाटते, एकदम कुणी धरण भरून टाकणार नाही, पण थोडं पार्किंग, थोडा रस्ता, थोडा मातीचा ढीग असं करत करत जागा कमी होत जाते.

---

हिशोबी

रूझवेल्टचा मुद्दा आणि निवृत्त काकांचं दोन धन्यांचं म्हणणं वाचलं. साठवणीचा हट्ट मी सोडतो, वाफ सहा फूट असेल तर गणित जमत नाही हे मान्य. पण माझा दुसरा प्रश्न राहतोच. एवढी धरणं असून २०१४ ला शहर बुडालंच ना? आय-१० हायवेवर गाड्या तरंगत होत्या, त्याचे फोटो सगळ्यांनी बघितलेत. मग धरणांनी काय केलं?

---

उत्तर_फिनिक्सकर

८ सप्टेंबर २०१४. पॅसिफिकमधल्या नॉर्बर्ट वादळाचं उरलेलं बाष्प वर आलं आणि विमानतळावर एका दिवसात ३.३० इंच पडला, तिथला एका दिवसाचा रेकॉर्ड. वर्षाच्या सरासरीच्या जवळजवळ निम्मा! पण हा पाऊस शहरावरच पडला. धरणं डोंगराकडून येणारं पाणी अडवतात, धरणाच्या खाली पडलेल्या पावसाला ती काय करणार? हायवे जमिनीच्या खाली खणलेला, तिथलं पाणी पंपांनी उपसावं लागतं, पंप पुरे पडले नाहीत. ते वेगळं दुखणं आहे आणि त्याला उत्तर म्हणजे चँडलरच्या ताईंच्या मैदानासारखे हजारो खड्डे नि चांगले नाले.

त्याच वर्षी १९ ऑगस्टला न्यू रिव्हर भागात वरच्या अंगाला जोरदार पाऊस झाला, आय-१७ वर पाणी आलं, हेलिकॉप्टरने माणसं उचलावी लागली. स्कंक क्रीक आणि न्यू रिव्हर दोन्हीकडे लोंढे होते. हे दोन्ही ओढे पुढे अडोबी आणि न्यू रिव्हर धरणात जातात. एक पाऊस धरणाच्या वर झाला, दुसरा खाली. दोघांना एकच औषध चालत नाही.

अजून एक, ज्याकडे फार कमी लोक बघतात. २००५ च्या जूनमध्ये केव्ह क्रीक कॉम्प्लेक्स नावाचा वणवा लागला होता, दोन लाख चाळीस हजारांहून जास्त एकर जळालं, या शहराच्या वरच्या डोंगरात. जळलेल्या जमिनीवर पाणी मुरत नाही, राख आणि दगड घेऊन ते खाली येतं. १९७० च्या दशकात पाणलोटाचा जो हिशोब केला तो झुडपं असलेल्या डोंगराचा. त्यामुळे उन्हाळ्यात वर वणवा लागला की पावसाळ्यात खाली धरणाकडे डोळे लावून बसावं लागतं, आणि आउटलेट ओंडक्यांनी तुंबू नये म्हणून साफ ठेवावा लागतो.

---

पुणेरी_वाचक

सगळा धागा एका दमात वाचला. माझा मुलगा फिनिक्सला एमएस करतोय, गाडी घेतलीय नुकतीच. त्याला काय सांगू?

---

उत्तर_फिनिक्सकर

त्याला सांगा, रस्त्यावर पाणी वाहताना दिसलं की गाडी घालायची नाही, वळून परत जायचं, कितीही उशीर झाला तरी. इथे बऱ्याच ठिकाणी रस्ता वॉश ओलांडताना पूल नसतो, रस्ताच पात्रात उतरतो आणि चढतो. फूट-दीड फूट वाहतं पाणी गाडी उचलतं. बॅरिकेड लावलेलं असताना कुणी आत घातली आणि अडकला तर सोडवण्याचा खर्च त्याच्याकडून वसूल करायचा कायदा १९९५ पासून आहे, पण खर्चाचं सोडा, जीव महत्त्वाचा. आणि हायकिंगला गेला तर वॉशच्या पात्रात तंबू नको, आकाश निरभ्र असलं तरी नको.

---

सरप्राइज_मधला

मी कालपासून नकाशेच बघत बसलोय. काउंटीच्या साइटवर पत्ता टाकला की पूरक्षेत्रात घर आहे का ते दिसतं, आमचं नाही असं आलं. पण धरण फुटलं तर पाणी कुठवर येईल तो नकाशा वेगळा असतो ना? आणि बायको विचारतेय, होम इन्शुरन्समध्ये हे सगळं येतं का.

---

उत्तर_फिनिक्सकर

दोन्ही नकाशे वेगळे, बरोबर. फेमाचा, म्हणजे केंद्र सरकारच्या आपत्ती व्यवस्थापन खात्याचा, पूरक्षेत्राचा नकाशा धरण शाबूत आहे असं धरून केलेला असतो, त्यामुळे त्यात घर बाहेर दिसलं म्हणजे विषय संपला असं नाही. धरण फुटल्यास कुठवर पाणी येईल त्याचा नकाशा धरणाच्या आपत्कालीन आराखड्यात असतो, डिस्ट्रिक्टच्या ऑफिसला फोन करून तुमच्या पत्त्याबद्दल विचारा. आणि पाऊस कुठे किती पडतोय, ओढ्याला किती पाणी आहे, धरणाच्या पोटात किती चढलंय, हे सगळं त्यांच्या गेजवरून लाइव्ह दिसतं, कुणालाही. पावसाळ्यात फोनवर ते पान बुकमार्क करून ठेवा.

विम्याचं, नेहमीच्या होम इन्शुरन्समध्ये पूर येत नाही. पाइप फुटला तर मिळेल, ओढा घरात आला तर मिळणार नाही. पुराचा विमा वेगळा घ्यावा लागतो, सरकारी योजना आहे, पूरक्षेत्राच्या बाहेर असलात तरी घेता येतो. पण घेतल्यावर साधारणपणे ३० दिवसांनी लागू होतो, ढग दिसल्यावर घेऊन उपयोग नाही. इथला पावसाळा १५ जूनला सुरू झाला असं धरतात, तेव्हा मेच्या मध्याच्या आत कागद झाले पाहिजेत.

---

चँडलरवासी

एचओएच्या पुढच्या मीटिंगच्या अजेंड्यावर मैदानाचा विषय आहे. ३६ तासांचं आणि ड्रायवेलचं लिहून घेतलंय, मराठी घरं आहेत त्या सगळ्यांना ग्रुपवर पाठवलंय, आणि सही केलेल्या दोघींशी बोलले. पिकलबॉलसाठी क्लबहाऊसच्या मागची पार्किंगची जागा सुचवणार आहोत.

---

निवृत्त_पाटबंधारे

ताई, मीटिंगला जाताना कॉलनीचा मंजूर ड्रेनेज प्लॅन मागून घ्या, शहराच्या ऑफिसात असतो. त्यात त्या खड्ड्याचं घनफळ लिहिलेलं असतं. कागद समोर ठेवला की वाद लवकर मिटतो, हा माझा सगळ्या नोकरीतला अनुभव आहे.